युद्धाचे ‘खरे कारण’ : थ्युसिडिडीसच्या कारणमीमांसेचा पुनर्विचार

राष्ट्रे परस्परांशी युद्ध का करतात, या प्रश्नाची चर्चा आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या वर्गात बहुधा थ्युसिडिडीसच्या नावाने सुरू होते. अथेन्सचे वाढते सामर्थ्य आणि त्यामुळे स्पार्टाच्या मनात निर्माण झालेली भीती हे पेलोपोनेशियन युद्धाचे (इ.स.पू. ४३१ ते ४०४) सर्वांत खरे, परंतु उघडपणे सर्वांत कमी बोलले गेलेले कारण होय, असे त्याने आपल्या इतिहासाच्या पहिल्या भागात नमूद केले आहे. हे एकच विधान पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा फिरले आहे की मूळ ग्रंथ वाचण्याची गरज कोणाला फारशी वाटत नाही. ग्रॅहॅम ॲलिसन यांनी ‘डेस्टिन्ड फॉर वॉर’ (२०१७) या ग्रंथात याच विधानावर ‘थ्युसिडिडीसचा सापळा’ ही संकल्पना उभारली. गेल्या पाचशे वर्षांत उगवत्या सत्तेने प्रस्थापित सत्तेला आव्हान दिल्याचे १६ प्रसंग त्यांनी निवडले आणि त्यांपैकी १२ प्रसंगांची परिणती युद्धात झाली, असे दाखविले. अमेरिका व चीन यांच्या संबंधांची चर्चा त्यानंतर याच शब्दांत होऊ लागली. मात्र या सिद्धान्ताला थ्युसिडिडीसच्या ग्रंथाचा आधार कितपत मिळतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाचा प्रश्न. मूळ ग्रीकमध्ये या भीतीने स्पार्टाला युद्ध करण्यास ‘भाग पाडले’ अशा अर्थाचे क्रियापद आहे. रिचर्ड क्रॉली यांच्या १८७४ च्या इंग्रजी भाषांतरात युद्ध ‘अटळ’ झाले असा शब्दप्रयोग आला आणि पुढील पिढ्यांनी तोच प्रमाण मानला. भाग पडणे आणि अटळ असणे यांत सूक्ष्म, पण महत्त्वाचा भेद आहे. परिस्थितीचा रेटा मान्य करूनही निर्णय घेणारा कोणीतरी असतो, हे पहिल्या शब्दात सुटत नाही. दुसऱ्यात मात्र तो निर्णयकर्ताच नाहीसा होतो.

थ्युसिडिडीसचे प्रत्यक्ष निवेदन तर निर्णयांनी खच्चून भरलेले आहे. कथा सुरू होते ती एपिडॅम्नस या दूरच्या नगरापासून (आजच्या अल्बानियातील डुरेस). तेथील लोकपक्ष आणि हद्दपार झालेले श्रीमंत यांच्यात संघर्ष पेटला. लोकपक्षाने मातृनगर कॉर्सिराकडे मदत मागितली, ती नाकारली गेली. म्हणून तो कॉरिंथकडे वळला. कॉरिंथ आणि कॉर्सिरा यांचे जुने वैर होतेच. इ.स.पू. ४३५ मधील नाविक पराभवानंतर कॉरिंथने मोठ्या आरमाराची तयारी आरंभिली, तेव्हा घाबरलेला कॉर्सिरा अथेन्सच्या दारी आला. अथेन्सच्या जनसभेची यावर दोन वेळा बैठक झाली. पहिल्या दिवशी मत कॉरिंथच्या बाजूला झुकत होते. दुसऱ्या दिवशी ते फिरले आणि केवळ बचावात्मक करार ठरला. सुरुवातीस अवघी १० जहाजे पाठविण्यात आली, तीही कॉर्सिराच्या भूमीवर आक्रमण झाल्याखेरीज लढू नये या आज्ञेसह. जे युद्ध अटळ होते त्याच्या उंबरठ्यावर एखादी सभा एका रात्रीत मत बदलते, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. शिवाय येथे दोन्ही महासत्तांना ओढून नेणारे घटक आहेत ते लहान मित्रराज्ये व त्यांची भांडणे. सापळ्याच्या सिद्धान्तात त्यांना जवळजवळ स्थानच नाही.

मेगाराच्या प्रश्नात तर थ्युसिडिडीसचा हात थोडा आखडता वाटतो. अथेन्सने आपल्या साम्राज्यातील बंदरे व बाजारपेठ मेगाराच्या लोकांना बंद केली होती. हा ठराव मागे घेतल्यास युद्ध होणार नाही, असे स्पार्टाच्या दूतांनी कळविल्याचे तो स्वतःच सांगतो. इ.स.पू. ४२५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘अकार्नियन्स’ या नाटकात ॲरिस्टोफेनीसने युद्धाचे खापर याच ठरावावर फोडले. विनोदी नाटकाची साक्ष जपूनच घ्यावयास हवी. तथापि सामान्य अथेन्सकराच्या बोलण्यात कोणते कारण होते याचा पत्ता तेथे निश्चितच लागतो. ठराव मागे घेणे म्हणजे धमकीपुढे झुकणे, या पेरिक्लीसच्या युक्तिवादाला थ्युसिडिडीस सविस्तर जागा देतो. ठरावाची तारीख आणि हेतू यांविषयी मात्र तो जवळजवळ मौन पाळतो.

स्पार्टाच्या सभेचे चित्रणही असेच बोलके आहे. वृद्ध राजा आर्किडॅमस पैसा व आरमार यांची उणीव दाखवून दोन-तीन वर्षे थांबण्याचा आणि लवादाचा मार्ग न सोडण्याचा सल्ला देतो. त्यानंतर एफोर स्थेनेलायडास थोडक्या शब्दांत मित्रराज्यांच्या अपमानाची आठवण देतो आणि मतदान घेतो. नेहमीप्रमाणे आवाजावरून निर्णय न देता तो लोकांना दोन बाजूंना उभे राहावयास लावतो, म्हणजे युद्धाला विरोध करणारा उघडा पडावा. येथे भीती आहे, पण ती केवळ अथेन्सची नव्हे. स्पार्टा हलला नाही तर अन्य आश्रय शोधण्याची गर्भित धमकी कॉरिंथने दिलेली आहे. आपला संघ फुटेल ही भीती त्या भीतीत मिसळलेली आहे.

याच सभेत अथेन्सचे दूत आपल्या साम्राज्याचे समर्थन भीती, मान आणि लाभ या तीन प्रेरणांच्या आधारे करतात. १६२९ मध्ये थ्युसिडिडीसचे भाषांतर करणाऱ्या हॉब्जने पुढे ‘लेव्हायथन’मध्ये (१६५१) कलहाची तीन कारणे सांगितली, ती याच त्रयीशी नाते सांगणारी आहेत. मान हा घटक वगळून केवळ सामर्थ्याचा हिशेब मांडणाऱ्या आधुनिक वाचनात ही त्रयी लंगडी होते. कौटिल्याचे येथे सहज स्मरण होते. संधी आणि विग्रह यांपासून सारखाच लाभ होत असेल तर संधी पत्करावी, कारण विग्रहात माणसांचा क्षय आणि द्रव्याचा व्यय ठरलेलाच, असे ‘अर्थशास्त्रा’च्या सातव्या अधिकरणाचे सांगणे आहे. कौटिल्यापुढे निवड करणारा राजा सतत उभा आहे.

डोनाल्ड केगन यांनी १९६९ मध्ये युद्ध अटळ नव्हते अशी मांडणी केली, इ.स.पू. ४४५ च्या तहानंतर अथेन्सचे सामर्थ्य वाढतच होते हे गृहीतकच त्यांनी नाकारले. द सेंट क्रॉय (१९७२) यांनी उलट दोष स्पार्टाकडे वळविला. केगन यांची मांडणी काही ठिकाणी मुत्सद्द्यांच्या चुकांवर अवाजवी भार टाकते, हे खरे. परंतु ग्रंथाच्या प्रत्यक्ष निवेदनाशी ती अधिक जुळते.

मग थ्युसिडिडीसने असे विधान का केले असावे? युद्धाचा शेवट त्याने पाहिला होता; २७ वर्षांच्या संहारानंतर मागे वळून पाहणाऱ्याला आरंभ सक्तीचा वाटणे स्वाभाविक आहे. तरीही सातव्या भागात त्याने एक नोंद ठेवली आहे. इ.स.पू. ४१३ मध्ये पुन्हा चढाई करताना स्पार्टाच्या लोकांना वाटत होते की पहिल्या वेळी दोष अधिक आपलाच होता. थीब्जने शांततेच्या काळात प्लेटियावर हल्ला केला होता आणि तहात तरतूद असूनही अथेन्सने देऊ केलेला लवाद आपण नाकारला होता. पायलॉस येथील नामुष्कीही त्याचेच फळ, अशी त्यांची समजूत होती.