पटावरचे प्रांत आणि न दिसणारा वकील

आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात खेळांना बंदी आहे आणि ती मीच घातलेली आहे. तरीही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत नववीतल्या एका मुलाच्या घरी बसून तीन दुपारी मी 'एम्पायर : टोटल वॉर' हा खेळ पाहिला, हे कबूल केलेले बरे. २००९ साली निघालेल्या या खेळाचा आरंभ इ. स. १७०० मध्ये होतो आणि एका डावात सहा महिने सरतात. मराठ्यांची बाजू घेता येते. मुलाने अर्थातच तीच घेतली होती.

त्याची युक्ती साधी होती. सांभाळायला जड जाणारा प्रांत संगणकाच्या एखाद्या सत्तेला भरपूर पैसा घेऊन विकायचा, त्या पैशातून फौज उभारायची आणि काही डावांनी तोच प्रांत परत मारायचा.

"घेणाऱ्याला कळत नाही का रे?"

"तो विसरतो, सर."

असल्या पळवाटा बुजवणे हे खेळ रचणाऱ्यांचे नित्याचे काम. 'सिव्हिलायझेशन ५' मध्ये लोक हप्त्यांच्या बोलीवर संगणकाकडून रोख सोने उचलत आणि लगेच युद्ध पुकारून हप्ते बुडवत. २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या पुरवणीपासून मैत्रीची घोषणा झाल्याखेरीज रोखीचा सौदा होत नाही. हा उपाय मला मनापासून आवडला. त्याने सौद्यावर बंदी घातली नाही, सौद्याआधी विश्वास मागितला.

मुलाला मी म्हटले, ही तुझी शुद्ध फसवणूक आहे. तो म्हणाला, "पुरंदरच्या तहात महाराजांनी हेच केलं ना, सर?"

हा धडा मी कैक वर्षे शिकवला आहे. जून १६६५ मध्ये तेवीस किल्ले दिले, बारा राखले आणि १६७० पासून दिलेले परत घेतले. त्या दुपारी मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी सुचले. मिर्झाराजांचा वेढा पडलेला असताना दिलेले किल्ले हा विक्रीचा माल नव्हे. आणि सिंहगड परत आला तो तानाजी मालुसऱ्यांना घेऊन गेला. मुलाच्या खेळात परत घेतलेल्या प्रांताची किंमत फक्त पैशात आणि पलटणींत निघते.

माझी खरी तक्रार मात्र आमच्या गुजरातेबद्दल आहे. खेळात गुजरात हा एकच प्रांत, एकच रंग. द्यायचा तर अख्खा द्यायचा. प्रत्यक्षात पेशव्यांनी १७५१ मध्ये दमाजी गायकवाडांना अटकेत टाकून सुटकेच्या बदल्यात निम्मी गुजरात मागितली. वाटणी झाली ती हिश्शांची आणि वसुलीची. पुढे बडोदे संस्थान नकाशावर नवसारी, कडी, अमरेली, ओखामंडळ असे ठिगळाठिगळांनी पसरले, ते अशाच वाटण्या-तहांमुळे. नकाशाचा रंग बदलतो तेव्हा कचेरीची भाषाही बदलते, हे १९५६ पाहिलेल्या सीमाभागातील घरांना मी काय सांगावे! आमचे बडोदे तर १ मे १९४९ ला मुंबई प्रांतात गेले आणि १ मे १९६० ला गुजरात राज्यात.

अहमदाबादेतल्या पेशव्यांच्या हिश्शाचा इजारा गायकवाडांकडे होता; त्याची मुदत १८१४ मध्ये संपली. तो पुन्हा मिळावा आणि जुन्या देण्याघेण्याचा हिशेब मिटावा म्हणून गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास गेले. २० जुलै १८१५ रोजी पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. दोन वर्षांत पेशव्यांना पुण्याचा तह स्वीकारून गायकवाडांवरचे आपले हक्क सोडावे लागले आणि आणखी वर्षभरात पेशवाईच उरली नाही. एका इजाऱ्याच्या बोलणीला असा शेवट जोडला गेला.

खेळातल्या लढाया, विशेषतः समुद्रावरच्या, फार देखण्या आहेत; त्या मी पुन्हा पाहीन. पण तिसऱ्या दुपारी मी मुलाला विचारले, बोलणी चालू असताना तुझा वकील मारला गेला तर?

"वकील नसतोच, सर. एक खिडकी उघडते, त्यात आकडे भरायचे."