फीत कापणारा आर्किटेक्ट

गेले काही महिने मी रोज फोनवर 'कोर्ट सर्क्युलर' वाचतेय. ब्रिटिश राजघराण्यातलं कोण काल कुठे गेलं, याची ही अधिकृत नोंद. वर्तमानपत्रं काहीबाही छापतात म्हणून तिसऱ्या जॉर्जने ती १८०३ मध्ये सुरू केली. गद्य म्हणून भयंकर कोरडी. नाव, कार्यक्रम, स्वागताला कोण होतं. संपलं.

यात प्रिन्स रिचर्ड, म्हणजे ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, वरचेवर भेटतात. दुसऱ्या एलिझाबेथ राणीचे चुलतभाऊ, जन्म १९४४ चा. केंब्रिजमध्ये आर्किटेक्चर शिकले, प्रॅक्टिसही करायचे. धाकट्याला ते चालून जायचं. मग २८ ऑगस्ट १९७२ ला थोरले बंधू विल्यम विमानांच्या शर्यतीत कोसळून गेले. रिचर्ड यांच्या लग्नाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. १९७४ मध्ये वडील गेले आणि हे ड्यूक झाले. प्रॅक्टिस सुटली. आता दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारतींच्या फिती कापायच्या.

मला खटकतं ते इथे. सर्क्युलरमध्ये 'उद्घाटन केलं' एवढंच येतं. जिना अरुंद झालाय, खिडकी चुकलीये, हे आर्किटेक्टच्या नजरेला दिसणारच ना? पण त्या वाक्यात मताला जागाच नाही.

त्यापेक्षा त्यांचं १९७१ चं 'ऑन पब्लिक व्ह्यू' बघा. लंडनमधल्या उघड्यावरच्या शिल्पांचे त्यांनी स्वतः काढलेले फोटो. कुठे उभं राहून बघायचं, हे निदान तिथे तरी त्यांनीच ठरवलंय.