मुलाखतीतील कवी आणि कवितेतील ‘मी’

नभोवाणीवरील अथवा ध्वनिमुद्रित मुलाखतीतील कवीचे बोलणे समीक्षेत सहसा साक्षीपुराव्यासारखे वापरले जाते. कवितेतील एखादी संदिग्ध जागा उकलायची असली की कवीच्या निवेदनातील सोयीचे वाक्य उचलायचे, ही रीत रूढ आहे. परंतु मुलाखत हीदेखील एक संहिता असते. प्रश्नकर्ता तिचा सहकर्ता असतो आणि प्रश्नांच्या चौकटीतच तिच्यातील ‘कवी’ घडतो. सिल्विया प्लाथ यांच्या दोन मुलाखती या दृष्टीने ताडून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली मुलाखत जानेवारी १९६१ मधील. ओवेन लीमिंग यांनी बीबीसीसाठी प्लाथ व टेड ह्यूज या दांपत्याशी संवाद साधला. ‘टू ऑफ अ काइंड’ या कार्यक्रमनामातच वाचनाची दिशा ठरून गेली होती : दोन कवींचा संसार. भेट, विवाह, एका घरातील दोन लेखण्या या क्रमाने प्रश्न येतात, आणि कविता सहजीवनाची फलश्रुती म्हणून पुढे येते. येथे जीवन हा केंद्रबिंदू आहे. काव्य त्याचे उदाहरण.

दुसरी मुलाखत ३० ऑक्टोबर १९६२ ची, पीटर ऑर यांनी ब्रिटिश कौन्सिलसाठी ध्वनिमुद्रित केलेली. तीनच दिवसांपूर्वी प्लाथ यांना तीस वर्षे पूर्ण झाली होती. संसार दुभंगला होता. ‘डॅडी’, ‘लेडी लॅझरस’ या कविता त्याच महिन्यातल्या. ऑर मात्र संसाराविषयी विचारत नाहीत. काव्यलेखनाचा आरंभ, विषय, पूर्वसूरी, कविता व कादंबरी यांतील भेद असे त्यांचे प्रश्न आहेत. त्यामुळे प्लाथ यांना स्वतःचे काव्यशास्त्र मांडण्यास अवकाश मिळतो.

हे काव्यशास्त्र ‘कबुलीची कविता’ या शिक्क्याशी जुळत नाही. रॉबर्ट लोवेल यांचा ‘लाइफ स्टडीज’ (१९५९) आणि ॲन सेक्स्टन यांची कविता यांविषयी प्लाथ आदराने बोलतात. निषिद्ध मानलेल्या खासगी अनुभवाला तेथे वाट मिळाली, हे त्या मान्य करतात. लगेच त्या अट घालतात : अत्यंत भीषण अनुभवावरही जाणत्या बुद्धीचे नियंत्रण हवे, आणि खासगी वेदना हिरोशिमा, डाखाऊ यांसारख्या व्यापक वास्तवाशी जोडली गेली पाहिजे. केवळ आत्ममग्न आक्रोश त्यांना मान्य नाही. ‘डॅडी’ची निवेदिका कोण, हेही बीबीसीवरील वाचनासाठी तयार केलेल्या टिपणात त्यांनी तृतीयपुरुषी सांगितले आहे : इलेक्ट्रा गंडाने ग्रासलेली एक मुलगी. कवयित्री आणि निवेदिका यांच्यातील अंतर त्या स्वतःच आखतात.

११ फेब्रुवारी १९६३ रोजी प्लाथ यांनी आयुष्य संपवले. ‘एरिअल’ १९६५ मध्ये प्रकाशित झाला. त्यानंतर ही मुलाखत ‘अखेरची वाणी’ म्हणून ऐकली जाऊ लागली. मृत्यूचे ज्ञान श्रोत्याने आणलेले असते; ध्वनिमुद्रणात ते नाही. तेथे ऐकू येते ती डॉक्टर, सुईणी यांच्या जगाविषयी कुतूहल असणारी, नव्या कविता आपण मोठ्याने म्हणून पाहतो असे सांगणारी कवयित्री. हा शेवटचा तपशील काव्यदृष्ट्या महत्त्वाचा आहे. ‘थ्री विमेन’ हे त्यांचे तीन आवाजांचे काव्य ऑगस्ट १९६२ मध्येच बीबीसीवर सादर झाले होते. ‘एरिअल’मधील वाक्यांचे आघात व पुनरुक्ती या श्राव्यतेच्या अंगाने तपासता येतात, त्यासाठी चरित्राची कुबडी लागत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. कवीचा हेतू हा मूल्यमापनाचा निकष नव्हे, ही विम्सॅट व बिअर्ड्स्ली यांची १९४६ मधील भूमिका मान्य केली, तर मुलाखतीतील काव्यविचारालाही प्रामाण्य कसे द्यावे? प्रामाण्य देऊ नयेच. ‘डॅडी’मधील नरसंहाराच्या प्रतिमा व्यापक वास्तवाशी नाते जोडतात की खासगी दुःखासाठी ते वास्तव वापरून घेतात, याचा निर्णय कवितेच्या वाचनातच व्हावा लागेल. मुलाखत उत्तर देत नाही. ती प्रश्न नेमका करते.

मराठीतही कवींच्या मुलाखती अभ्यासकांपुढे अवतरणांचे कोठार म्हणूनच येतात. छापील रूपात प्रश्न आक्रसतो, विराम व स्वर लोपतात, आणि उरलेले वाक्य निर्विवाद कबुलीसारखे दिसू लागते. प्रश्न कोणी, कोणत्या चौकटीत विचारला, हे नोंदविल्याशिवाय अशा वाक्याचा आधार घेणे म्हणजे कवितेच्या जागी चरित्र वाचणे होय.