पत्ता सापडला, पण कात्री कुठे आहे?

मंडळी, पाल शेपूट टाकते हे आपण पाहिलेलं असतं. क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शैवालही तसंच करतं. आम्लाचा धक्का बसला की कॅल्शियम आत शिरतं, दोन्ही कशाभिका मुळाशी तुटतात आणि साधारण दोन तासांत नव्या उगवतात. आज आपण वाचतोय तो 1998 सालचा, लिन क्वार्म्बी आणि सहकाऱ्यांचा 'जेनेटिक्स'मधला शोधनिबंध. त्याचा विषय आहे कशाभिका टाकता न येणाऱ्या उत्परिवर्ती पेशी.

त्याची खरी ताकद वर्गवारीत आहे. दोन उत्परिवर्ती पेशींचा संकर करायचा आणि संततीत निरोगी पेशी किती येतात ते मोजायचं. एकही आली नाही, तर बिघाड बहुधा एकाच जनुकात. जितक्या जास्त, तितकी जनुकं दूर. यातून तीन नावं पुढे येतात: एफए1, एफए2 आणि एडीएफ1. मग पेशीचं आवरण डिटर्जंटने सच्छिद्र करून थेट कॅल्शियम दिलं. एडीएफ1मध्ये कशाभिका तुटल्या, एफएमध्ये नाही. म्हणजे एकीकडे निरोपच पोचत नाही, दुसरीकडे पोचूनही काम होत नाही. नुसत्या नकाशातून हा फरक कधीच कळला नसता.

इथेच आमची तक्रार सुरू होते. नकाशा पत्ता सांगतो, धंदा सांगत नाही. 2002 मध्ये एफए2 हे एक कायनेज प्रथिन निघालं, आणि पेशीविभाजनाच्या चक्रातही त्याचा हात दिसला. पण नाव मात्र कशाभिका तुटण्यावरूनच चिकटलं. एडीएफ1 ही पेशीपटलातली वाहिनी आहे, हे ठरायला 2016 उजाडलं, तेही संपूर्ण जनुकसंच वाचून.

आणखी एक गोष्ट. हे शैवाल एकगुणित, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत. त्यामुळे बिघाड लगेच दिसतो, हा फायदा. पण जे जनुक बिघडल्यावर पेशी मरतेच, ते या चाळणीत सापडणारच नाही. प्रत्यक्ष कात्री पेशीला इतरत्रही लागत असेल, तर ती अशीच निसटली असेल. एफए1 आणि एफए2 यांच्याशिवाय तोड होत नाही हे खरं, पण म्हणून तेच तोडतात असं नाही.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: निबंध उत्तम आहे, पण 'जनुक सापडलं' हे वाक्य उत्तर म्हणून वाचू नका. तिथून पुढचा प्रश्न सुरू होतो. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.