घड्याळ लावण्याचा हक्क कोणाचा? : 'अटॅकिंग द नेटवर्क टाइम प्रोटोकॉल' वाचताना

सिस्टिम टाइमच्या सुरक्षेवर काम करायचं ठरवलंत, तर बहुधा पहिला पेपर हातात पडेल तो बोस्टन विद्यापीठातल्या आंचल मल्होत्रा, शेरॉन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांचा 'अटॅकिंग द नेटवर्क टाइम प्रोटोकॉल'. एनडीएसएस परिषद, २०१६. पेपर चांगला आहे, जरूर वाचा. पण तो ज्या यंत्रांसाठी लिहिलाय ती यंत्रं आणि डोंबिवलीतल्या जिन्याखालच्या मीटरपेटीतली यंत्रं एक नाहीत. हा फरक न बघता त्यातलं थ्रेट मॉडेल, म्हणजे हल्लेखोर कोण आणि त्याला काय काय करता येतं याचं गृहीतक, जसंच्या तसं उचललं की काय सुटतं, ते सांगतो.

आधी पेपरचं श्रेय. घड्याळ किती मागेपुढे ढकललं की काय मोडतं, याचा त्यात एक तक्ता आहे. टीएलएस सर्टिफिकेट फसवायला वर्षं लागतात, डीएनएसएसईसीला महिने, केर्बेरॉसला काही मिनिटं पुरतात. 'वेळ चुकली तर सगळं बिघडेल' असं मोघम लिहिण्याऐवजी किती चुकली तर काय बिघडेल, हे मांडलंय. तुमच्या प्रपोजलमध्ये असा एक तक्ता असला तर निम्मं काम झालं समजा.

दुसरं, रीबूटचा मुद्दा. एनटीपीडीला १००० सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला तर ते स्वतःच बंद पडतं. पण बहुतेक ठिकाणी ते '-जी' पर्यायाने सुरू केलेलं असतं आणि त्यामुळे सुरू होताना एकदा कितीही मोठी उडी चालते. म्हणजे मार्गात बसलेल्या हल्लेखोराने फक्त रीबूटची वाट बघायची. सर्व्हरसाठी ही वाट लांब असू शकते. आपल्याकडे? देखभालीसाठी वीज कधी जाणार, याचा एसएमएस आदल्या दिवशी येतो! सोसायटीतलं एखादं छोटं लिनक्स उपकरण वीज आली की नव्याने उठतं. रास्पबेरी पायवरचे कॉलेज प्रोजेक्ट आठवा: पाय ४ पर्यंत बोर्डवर आरटीसीच नव्हतं, पाय ५ वर आलं, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. अशा उपकरणाला उठल्यावर आज कोणती तारीख हेच माहीत नसतं, मग सर्टिफिकेटची मुदत संपली की नाही हे ते ठरवणार कसं? एनटीएस या सुरक्षित आवृत्तीच्या आरएफसी ८९१५ मध्ये (२०२०) हा पेच मान्य केलाय आणि त्यावर पूर्ण उपाय दिलेला नाही. ते प्रामाणिकपणाचं आहे.

आता माझा खरा आक्षेप. कल्याण परिमंडळात बसत असलेले स्मार्ट मीटर घ्या, लोक त्यांना टीओडी मीटर म्हणतात. महावितरणने १ जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली. त्या दिवसापासून मीटरमधलं घड्याळ हे मोजमापाचं साधन झालं. ते तासभर पुढे असेल, तर खऱ्या ४ ते ५ या वेळेत चाललेला एसी सवलतीबाहेर जातो. तासाला दीड युनिट धरलं तर महिन्याला ३६ ते ४५ रुपये. सकाळी ८ ते ९ मध्ये काही चालू असेल तर थोडी भरपाई होईल, ते तुमच्या घरावर अवलंबून. पण एकूण युनिट तेवढेच राहतात. शेजारी दुसरा मीटर लावून युनिट ताडून बघितले, तरी ही चूक सापडणार नाही. आणि चाळीस रुपयांसाठी कोण भांडायला जातंय?

या मीटरमध्ये एनटीपी नाही. त्यात बॅटरीवर चालणारं आरटीसी असतं आणि ते वेळोवेळी वरच्या हेड-एंड सर्व्हरच्या आज्ञेने जुळवलं जातं. सर्व्हरची वेळ कुठून घ्यायची याचे नियम आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवा असं म्हटलंय. म्हणजे पेपरमधला सगळा धोका हेड-एंडपर्यंत येऊन थांबतो. पुढचा टप्पा म्हणजे 'घड्याळ लाव' ही डीएलएमएस प्रोटोकॉलमधली आज्ञा. तिला एईएस-१२८ चं संरक्षण देता येतं, त्यामुळे बाहेरचा माणूस सहजासहजी घुसत नाही. पण ही किल्ली सामायिक असते: ज्याच्याकडे ती आहे त्याला घड्याळ लावता येतं. घड्याळ बदलल्याची नोंद मीटरमध्ये राहते, पण ती वाचतो तोच, ज्याने घड्याळ लावलं. ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात काय? मी वीज कंपनीवर आरोप करत नाहीये. उलट ग्राहकाने मीटरशी छेडछाड केली असेल, तर कंपनीलाही हीच अडचण येईल.

पेपरला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या जगात क्लायंट आणि सर्व्हर एका बाजूला आणि हल्लेखोर दुसऱ्या बाजूला. एनटीएसचंही तेच: निरोप कोणाकडून आला हे क्लायंटला कळतं, पण हँडशेक झाल्यावर पॅकेटं सामायिक किल्लीने राखली जातात, त्यामुळे तिसऱ्याला दाखवण्यासारखा पुरावा उरत नाही. या बाबतीत गूगलमधून २०१६ मध्ये आलेली रफटाइमची कल्पना मला जास्त जवळची वाटते. त्यात सर्व्हर वेळेवर सही करतो आणि प्रत्येक नवी विचारणा आधीच्या उत्तराला बांधलेली असते, त्यामुळे एखादा सर्व्हर खोटं बोलला तर ते इतरांना दाखवता येतं. अचूकता काही सेकंदांची, पण वापर अर्ध्या किंवा पाव तासाच्या खणांत नोंदवणाऱ्या मीटरला ती भरपूर झाली. मीटरला थेट इंटरनेट नसतं, तेव्हा हे जसंच्या तसं बसणार नाही. हेड-एंडमधून सही पुढे न्यायची कशी, यात एखाद्याचा एम.टेक. प्रबंध आहे.

एवढं मोठं नको असेल तर मोजमापापासून सुरुवात करा. मीटरचं बटण दाबत गेलं की तारीख-वेळ दिसते. सेक्रेटरींना विचारून एका मीटरखोलीतल्या वीस मीटरची वेळ अचूक जुळवलेल्या फोनशी ताडा, दर आठवड्याला, तीन महिने. आरटीसीचा क्रिस्टल २० पीपीएमने चुकत असेल तर दिवसाला पावणेदोन सेकंद, वर्षाला साधारण साडेदहा मिनिटं. फरक सरळ रेषेत वाढत गेला तर तो क्रिस्टल. मध्येच एकदम शून्यावर आला तर त्या आठवड्यात वरून घड्याळ लावलं गेलं. आणि एकाच खोलीतल्या दोन मीटरमध्ये मिनिटांचा फरक राहिला, तर तक्त्याची पहिली ओळ तुम्हाला मिळाली.