कलम १७ मधले ‘असल्यास’

१ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित केले. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून बावन्नांऐवजी छप्पन्न गीते झाली, हा तपशीलही आपल्याकडे आवडीने सांगितला जातो. या उपक्रमाचे पैसे कोणी दिले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. उत्तर सरळ आहे. पैसे भारत सरकारने दिले. आकाशवाणीवर तेव्हा जाहिरात नव्हती. ती १९६७ साली विविध भारतीच्या मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून सुरू झाली. घरात रेडिओ ठेवणारा पोस्टात जाऊन परवाना घेई, शुल्क भरी, आणि सरकार आपल्या तिजोरीतून आकाशवाणी चालवी.

त्याच वर्षांत, त्याच पैशावर, त्याच खात्याचे मंत्री बा. वि. केसकर यांनी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केली होती. श्रोता मुकाट्याने रेडिओ सिलोनकडे वळला. सरकारी पैसा म्हणजे सरकारी मुस्कटदाबी असे सरसकट म्हणणाऱ्याला ‘गीतरामायणा’चा खुलासा करावा लागेल. सरकारी पैसा म्हणजे संस्कृतीचा आश्रय असे म्हणणाऱ्यापुढे केसकर उभे आहेत. मला वाटते, आपला वाद ‘सरकारी की स्वायत्त’ या शब्दांत मांडला गेला तिथेच तो चुकला. पैसा कोणत्या वाटेने येतो आणि ती वाट मध्येच कोण अडवू शकतो, हे आधी पाहायला हवे होते.

वादाचा इतिहास थोडक्यात असा. चंदा समितीने १९६६ साली आकाशवाणी व दूरदर्शन यांच्यासाठी वेगवेगळी महामंडळे सुचवली. १९७६ साली दोघांची फारकत झाली खरी, पण दोन्ही घरे मंत्रालयाच्याच आवारात राहिली. तो आणीबाणीचा काळ होता. किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब झाली, तीही कोणत्या नियमाखाली हे न सांगता. १९७८ साली वर्गीस गटाने ‘आकाश भारती’ या राष्ट्रीय न्यासाचा आराखडा दिला आणि स्वायत्ततेला राज्यघटनेचे संरक्षण मागितले. १९७९ साली जनता सरकारने आणलेल्या विधेयकात ते संरक्षण नव्हते, आणि पुढे ते विधेयकही सरकारबरोबर गेले. अखेर १९९० साली प्रसार भारती कायदा झाला. तो अमलात यायला १९९७ उजाडले.

या कायद्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेकांचे लक्ष मंडळाच्या नेमणुकांवर खिळलेले दिसते. खरा मजकूर कलम १७ मध्ये आहे. संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार महामंडळाला दर वर्षी दोन प्रकारे पैसे देऊ शकेल, असे ते म्हणते. पहिला प्रकार: ग्राहक-परवान्याचे शुल्क असल्यास, वसुलीचा खर्च वजा जाता उरणारी रक्कम. दुसरा: सरकारला आवश्यक वाटेल तेवढी रक्कम, भांडवल, अनुदान किंवा कर्ज म्हणून. क्रियापद पाहा: ‘देईल’ नव्हे, ‘देऊ शकेल’. आणि ‘असल्यास’ हा शब्द पाहा. रेडिओ-टीव्हीचे परवाना-शुल्क ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरच बंद झाले होते. म्हणजे कायदा लिहिला गेला तेव्हाच पहिला प्रकार रिकामा होता. उरला तो ‘सरकारला आवश्यक वाटेल तेवढी’. स्वायत्त संस्थेच्या कायद्यात ही ओळ लिहिणाऱ्याला विनोदबुद्धी होती की अतिशय सावधपणा, हे ठरवणे अवघड आहे.

शुल्क गेले याचा आनंद तेव्हा सर्वांनाच झाला असणार. पोस्टातली रांग कोणाला हवी असते? पण त्या रांगेत उभा राहणारा श्रोता निदान ‘मी पैसे भरतो’ असे म्हणू शकत होता. तो गेला आणि ग्राहकाच्या जागी जाहिरातदार व अनुदान हे दोघेच उरले. पुढे २०१२ च्या सुमारास झालेल्या दुरुस्तीने जुने कर्मचारी सरकारी सेवकच मानले गेले. त्यांची मागणीही तीच होती, आणि निवृत्तिवेतनाची काळजी करणाऱ्या माणसाला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप अमेरिकेतून येतो, आणि तो वजनदार आहे. तिथे १९६७ साली कार्नेगी आयोगाने टीव्ही संचांवर कर लावून त्याचा वेगळा निधी करावा असे सुचवले होते. कायदा झाला, पण कर गाळला गेला. १९७२ साली निक्सन यांनी दोन वर्षांच्या तरतुदीचे विधेयक नकाराधिकाराने अडवले. त्यातून धडा घेऊन पैसे दोन वर्षे आगाऊ मंजूर करण्याची पद्धत पडली, म्हणजे आजच्या बातमीचा राग उद्याच्या अनुदानावर निघू नये. ही भिंत काही दशके टिकली. जुलै २०२५ मध्ये काँग्रेसने आधीच मंजूर केलेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, आणि पैसे वाटणाऱ्या महामंडळाने ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतली केंद्रे देणगीदारांवर तगू शकतात. सर्वांत मोठा फटका खेड्यांतल्या आणि आदिवासी भागांतल्या छोट्या केंद्रांना आहे. तेव्हा आगाऊ पैसा हाही पक्का उपाय नव्हे, हे मान्य. पण तिथे ते करायला उघड मतदान घ्यावे लागले, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८, आणि कोणी कोणत्या बाजूला हात वर केला हे नोंदले गेले. ‘आवश्यक वाटेल तेवढी’ या रचनेत पैसा आटवायला कोणालाच हात वर करावा लागत नाही.

क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचे सांगितले. तो निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. मालमत्ता जनतेची, हे ठरले. तिच्या देखभालीचा हिशेब जनतेच्या वतीने कोणी पाहायचा, यासाठीही १९९० च्या कायद्यात सोय आहे. कलम १३ नुसार लोकसभेच्या पंधरा आणि राज्यसभेच्या सात सदस्यांची समिती महामंडळावर देखरेख करणार होती. ही समिती कधी नेमलीच गेली नाही. श्रोत्यांच्या तक्रारी ऐकण्यासाठी लिहिलेली प्रसारण परिषदही कागदावरच राहिली. विरोधी बाकांवरून स्वायत्ततेसाठी भांडलेले पक्ष पुढे सत्तेत आले, आणि कलम १३ जसेच्या तसे राहिले. ही समिती नेमायला नवा कायदा लागत नाही.