मेलो ना बे!

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्यानं निघालं की आंजी (मोठी) लागते. अशा गावात संध्याकाळी पोरं पारावर मोबाइलवर बीजीएमआय खेळत बसली की थोड्या थोड्या वेळानं आरोळी उठते, "मेलो ना बे!" पाठोपाठ, "चाल, नव्यानं लाव." व्हिडिओ गेमवरून काढलेल्या मारधाडपटांचं तीस वर्षांचं दुखणं मला या दोन वाक्यांत सापडतं. गेममध्ये मरतो तो 'मी'. सिनेमात मरतो तो कुणी दुसराच, आणि नायक तर बहुधा मरतही नाही.

१९९३च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'पासून हॉलीवूडची खटपट सुरू आहे. 'मॉर्टल कॉम्बॅट' (१९९५) त्यातल्या त्यात जमला, कारण मूळ गेमच कुस्त्यांची दंगल. एक जोड सुटली की दुसरी. पुढे अँजेलिना जोलीची लारा क्रॉफ्ट आली, सहा 'रेसिडेंट इव्हिल' आले. गल्ला जमला, झिंग नाही.

खरी हळहळ 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची. जॉर्डन मेक्नरचा हा गेम १९८९चा. कॉम्प्युटर क्लासमध्ये सरांची नजर चुकवून ज्यांनी तो खेळला, त्यांना जमिनीतून वर येणारे सुळे आठवत असतील. राजकन्येला सोडवायला तासभरच. आपण मेलो तरी घड्याळ थांबत नसे. २००३च्या आवृत्तीत हाती जादूचा खंजीर आला: उडी चुकली की काळ मागे फिरवा. माइक न्यूएलच्या २०१०च्या चित्रपटात हाच खंजीर आहे, वाळूही डोळे दिपवणारी आहे. पण चुकलेली उडी आपली नसते. मग ती सुधारल्यावर जीव भांड्यात कसा पडणार?

गेमची नस सापडली ती गेमवर न बेतलेल्या चित्रपटाला. 'एज ऑफ टुमॉरो' (२०१४) हिरोशी साकुराझाका यांच्या जपानी कादंबरीवरचा. त्यात टॉम क्रूझ मरतो, जागा होतो, एक पाऊल पुढं जाऊन पुन्हा मरतो. आपण हसतो, कारण हे मरण ओळखीचं असतं. गोव्यात घडणारा हिंदी 'लूप लपेटा' (२०२२) मूळ जर्मन 'रन लोला रन'ची नक्कल, तरी तिसऱ्या धावेला मी खुर्चीत पुढं सरकलो होतो. उलट, 'द लास्ट ऑफ अस' मालिकेचं एवढं कौतुक झालं. ती आहेही सुरेख. पण शेवटी इस्पितळात मूळ गेम आपल्याच बोटानं गोळी झाडायला लावतो. मालिका ती नुसती दाखवते.

आपल्याकडे गाडी उलटी चालली. 'गजिनी' चित्रपटावरून गेम निघाला, 'रा.वन'मध्ये (२०११) गेममधला खलनायक बाहेर आला. नाही म्हणायला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये 'राजी' हा गेम आणला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी पोर, पहाडी चित्रशैलीची भित्तिचित्रं, मधूनमधून सावल्यांच्या बाहुल्या. पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांचा असतो तोही खेळ, टॉकीजमधला सहाचा तोही खेळ. भाषेनं केव्हाच जुळवून ठेवलंय.

राजीवर कुणी चित्रपट काढलाच, तर मला एकच पाहायचं आहे. ती पहिल्यांदा कोसळेल तेव्हा पुढच्या रांगेतलं आंजीचं पोरगं काय ओरडतं: "मेली ना बे", की "मेलो ना बे".